मजकुराभोंवतीं रेघ आणि चौकट

मोडी लिहिणारा कारकून कागद पुढें घेतला कीं प्रथम एक लांब आडवी रेघ ओढी आणि मग त्या रेघेला अक्षरें लटकावीत जाई. रेघ आधीं, अक्षर मागाहून, असा त्या लिपीचा रिवाज होता. बाळबोध लिहितांना हा क्रम उलटला. शब्द लिहून झाल्यावर त्याच्या डोक्यावर रेघ देण्याची संवय शाळेंतील मुलांस लावण्यांत आली. पोथी लिहिणाराची रीत आणखी निराळी. अनेक जुन्या पोथ्यांच्या पानांवर डाव्या आणि उजव्या बाजूंस तांबड्या शाईच्या उभ्या रेघा आढळतात. मजकुरानें कोठवर जावें आणि कोठें थांबावें, हें त्या रेघा सांगतात. त्यांच्या पलीकडची कोरी जागा वाचणाराच्या बोटांसाठीं आणि टीपांसाठीं राखलेली असते. रेघ ही अशी आपल्या लेखनांत फार पूर्वींपासून आहे. तिचें काम मात्र प्रत्येक साधनाबरोबर बदलत आलें.

छापखान्यांत रेघ म्हणजे खिळ्यांच्या उंचीची पितळेची किंवा शिशाची पट्टी. मजकुराभोंवतीं चौकट हवी असेल तर जुळाऱ्यानें अशा चार पट्ट्या मापून कापावयाच्या आणि खिळ्यांच्या चारी बाजूंस घट्ट बसवावयाच्या. यांत अवघड काम कोपऱ्यांचें. पट्ट्या तिरप्या कापून एकमेकींस नीट भिडल्या नाहींत, तर छापलेल्या चौकटीच्या कोपऱ्यांत बारीक फट राही. जुन्या जाहिरातींत ती फट अजून पाहावयास मिळते, आणि एकदां तिचें कारण कळलें म्हणजे ती पाहण्यांत एक प्रकारची मौजहि वाटते. टंकलेखनयंत्र आलें तेव्हां तर रेघेचे हालच झाले. तेथें एक आडवी लहान रेघ आणि एक अक्षराखालची रेघ एवढ्याच कळा. त्या दाबीत बसावें आणि कागदाची कड येण्यापूर्वीं घंटा वाजली म्हणजे थांबावें.

संगणकावर मजकूर लिहिण्याची जीं साधनें निघालीं, त्यांस वर्ड प्रोसेसर म्हणतात. १९७८ सालीं निघालेल्या वर्डस्टारच्या काळांत चौकट काढावयाची तर अधिक चिन्ह, आडवी रेघ आणि उभी रेघ हीं अक्षरांसारखींच एकापुढें एक मांडावीं लागत. १९८१ सालीं आय. बी. एम. चा घरगुती संगणक आला. त्याच्या २५६ चिन्हांच्या संचांत रेघांचे आणि कोपऱ्यांचे तुकडे मुद्दाम घातलेले होते. ते जोडले कीं पडद्यावर अखंड चौकट उभी राही. भारतीय लिप्यांच्या वांट्याला मात्र यांतून एक गंमतीची अडचण आली. १९९१ सालीं भारतीय लिप्यांसाठीं जी इस्की नांवाची सांकेतिक मांडणी प्रमाण ठरली, तिनें देवनागरी अक्षरांना १६१ ते २५० या टापूंतील क्रमांक दिले; आणि त्या अमेरिकन संचांत रेघांच्या तुकड्यांचे क्रमांकहि याच टापूंत होते. म्हणजे एकच क्रमांक एका यंत्रावर चौकटीचा कोपरा, तर दुसऱ्यावर मराठी अक्षर! रेघ आणि अक्षर यांना एकाच माळेंत ओंवलें, कीं असा घोटाळा व्हावयाचाच.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचें वर्ड हें साधन १९८३ सालीं निघालें. आज त्यांत आणि लिबरऑफिस रायटर या विनामूल्य साधनांत रेघ अक्षरांच्या माळेंतून बाहेर काढलेली आहे. ती आतां परिच्छेदाचा गुण झाली आहे. हें वाक्य दिसावयास साधें आहे. परंतु घरोघरीं संगणकापुढें बसून कपाळाला हात लावणाऱ्या मंडळींच्या निम्म्या अडचणी तें न कळल्यामुळें उत्पन्न होतात. लुगड्याचा काठ वस्त्राबरोबरच विणलेला असतो. तो वरून शिवलेल्या फितीसारखा उसवून काढतां येत नाहीं. बॉर्डर या नांवानें जी रेघ येते ती अशी विणलेली आहे. उलट, चित्रांच्या विभागांतून उचलून माऊसनें ओढलेली रेघ ही शिवलेली फीत. मजकूर खालींवर सरकला कीं विणलेला काठ त्याच्याबरोबर जातो. शिवलेली फीत पुष्कळदां जागच्या जागीं राहते आणि भलत्याच ओळीच्या डोक्यावर जाऊन बसते. पत्र, अर्ज, सूचना या कामीं विणलेला काठच बरा.

आतां एक नित्याचा प्रसंग घ्यावा. एखादे गृहस्थ सोसायटीच्या सभासदांस पत्र लिहीत आहेत. पत्त्याखालीं एक रेघ असावी म्हणून ते तीन वेळां आडव्या रेघेची कळ दाबतात आणि एंटर करतात. तोंच तीं तीन चिन्हें नाहींशीं होऊन कागदाच्या एका समासापासून दुसऱ्यापर्यंत सुरेख रेघ उमटते. गृहस्थ प्रसन्न होतात. थोड्या वेळानें त्यांना ती रेघ नकोशी होते. ते तिच्यावर टिचकी मारतात. ती निवडली जात नाहीं. डिलीटची कळ दाबतात. भोंवतालचीं अक्षरें जातात, रेघ राहते. वर एंटर केलें तर ती खालीं सरकते. अखेर रागारागानें सगळें पत्र नव्या कागदावर पुन्हां लिहून काढणारेहि आहेत.

यांत यंत्राचा खोडसाळपणा मुळींच नाहीं. तीन चिन्हें आणि एंटर ही वर्डनें ठरविलेली खूण आहे. आडव्या रेघेचीं तीन चिन्हें दिलीं तर बारीक रेघ, अक्षराखालच्या रेघेचीं तीन दिलीं तर जाड, बरोबरच्या चिन्हाचीं तीन दिलीं तर दुहेरी, तारकांचीं तीन दिलीं तर ठिपक्यांची, आणि लहरीच्या चिन्हाचीं तीन दिलीं तर नागमोडी. ही रेघ वरच्या परिच्छेदाची खालची किनार म्हणून बसविली जाते. म्हणून तिला शोधण्यासाठीं रेघेवर जाऊं नये. रेघेच्या लगेच वरच्या ओळींत टिचकी मारावी, होम या पट्टींतील बॉर्डर्सचें बटण उघडावें आणि नो बॉर्डर म्हणावें. रेघ तत्क्षणीं जाते. ती उमटतांच नको वाटली तर कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबाव्या. मग टाइप केलेलीं तीन चिन्हें जशींच्या तशीं परत येतात. आणि ही मदतच ज्याला नको असेल त्यानें ऑटोकरेक्टच्या पर्यायांत जाऊन टाइप करतांना आपोआप होणाऱ्या बदलांच्या यादींतली बॉर्डर लाइन्स ही खूण काढून टाकावी. लिबरऑफिसमध्येंहि ही सोय आणि ती बंद करण्याची युक्ति दोन्ही आहेत.

चारी बाजूंनीं चौकट केली कीं तिचा स्वभाव थोडा निराळा दिसतो. परिच्छेदाला चौकट दिली असतां ती समासापासून समासापर्यंत पसरते, मग आंत एकच शब्द कां असेना. तिला अरुंद करावयाचें तर रेघ ओढून उपयोग नाहीं. परिच्छेदाची डावी-उजवी बाजू आंत घ्यावी लागते, म्हणजे इंडेंट वाढवावा लागतो. चौकटीच्या शेवटच्या ओळींत एंटर केलें तर नवा परिच्छेदहि आईच्या वळणावर जातो आणि चौकट खालीं वाढते. लागोपाठच्या दोन परिच्छेदांच्या चौकटी सारख्या आणि इंडेंट सारखे असतील, तर वर्ड त्या दोहोंस एकाच चौकटींत घेतें. इंडेंटमध्यें केंसभर फरक पडला कीं दोन वेगळ्या चौकटी होतात. एक चौकट हवी असतां दोन कां झाल्या, याचें उत्तर बहुधा येथेंच सांपडतें. लिबरऑफिसमध्यें पुढील परिच्छेदाशीं मिळवून घेण्यासाठीं स्वतंत्र खूण आहे. पुष्कळजण या साऱ्याला कंटाळून एका घराचें कोष्टक काढतात आणि त्यांत मजकूर भरतात. त्यांत पाप नाहीं. परंतु दोन ओळींच्या सूचनेसाठीं एवढा खटाटोप करणें म्हणजे पानाची टोपी करावयास शिंपी बोलावणें होय.

रेघेची जाडी पॉइंट या मापानें सांगतात. एका इंचांत ७२ पॉइंट. म्हणजे एक पॉइंट सुमारें ०.३५ मिलिमीटर. वर्डमधील साध्या रेघा पाव पॉइंटापासून सहा पॉइंटांपर्यंत मिळतात. सामान्य पत्रास अर्धा पॉइंट पुरतो. पाव पॉइंटाची रेघ पडद्यावर नाजूक दिसली तरी छायाप्रतीची छायाप्रत काढतां काढतां ती तुटक होऊं लागते, हें कचेरीच्या कागदांत ध्यानांत ठेवावें. रेघ आणि मजकूर यांमधील अंतरहि याच मापानें ठरतें. तें वर्डमध्यें मुळांत वर-खालीं एक पॉइंट आणि दोन्ही बाजूंस चार पॉइंट असतें, व ३१ पॉइंटांपर्यंत वाढवितां येतें.

येथें देवनागरीची गोष्ट स्वतंत्रपणें सांगितली पाहिजे. इंग्रजी पुस्तकें वाचून चौकटी काढणारांस ती कोणी सांगत नाहीं. रोमन लिपींतील बहुतेक अक्षरें एका तळरेषेवर उभीं असतात आणि थोड्याच अक्षरांचे पाय खालीं येतात. देवनागरीचा सारा भार शिरोरेघेवर. अक्षर तिच्याखालीं लोंबतें. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. अक्षराच्या खालीं उकार, ऋकार, आणि "द्व", "ट्ठ", "द्भू" असल्या जोडाक्षरांचे मजले. एवढ्या उंच-सखल वस्तीच्या खालून अंडरलाइनची रेघ काढली म्हणजे ती नेमकी उकारांच्या मानेवरून जाते. "कुटुंब", "मुहूर्त", "पुण्यस्मृति" या शब्दांखालीं रेघ देऊन पाहावी; ऱ्हस्व कीं दीर्घ हें ओळखणें कठीण होतें. ज्या भाषेंत "दिन" आणि "दीन", "सुत" आणि "सूत" यांचे अर्थ निराळे आहेत, तेथें उकारावर आडवी रेघ जाणें हें शुद्धलेखन खोडण्यासारखेंच आहे.

यावर उपाय असा, कीं मथळ्याला अंडरलाइन देऊंच नये. त्या परिच्छेदाला फक्त खालची किनार द्यावी आणि अंतर एका पॉइंटाऐवजीं तीन-चार पॉइंट करावें. किनार ओळीच्या संपूर्ण उंचीच्या खालीं बसते, म्हणून उकार मोकळे राहतात. वाक्याच्या पोटांतला एखादाच शब्द उठून दिसावयास हवा असेल तर ठळक अक्षर किंवा फिकी छटा वापरावी. चौकटीच्या बाबतींतहि वरचें अंतर थोडें वाढविलेलें चांगलें. नाहींतर रफार आणि अनुस्वार वरच्या रेघेस टेकल्यासारखे दिसतात. आणि ओळींची उंची "एक्झॅक्टली" या पर्यायानें कमी ठरवून ठेवली असेल तर रेघेचा दोष नसतांहि वेलांट्यांचे माथे कापले जातात. तेथें अगोदर ओळ मोकळी करावी, मग चौकटीकडे वळावें.

सबंध पानाभोंवतालची चौकट हें तिसरें प्रकरण. वर्डमध्यें ती डिझाइन या पट्टींत पेज बॉर्डर्स या नांवाखालीं मिळते आणि ती सर्व पानांस, फक्त पहिल्या पानास किंवा पहिलें पान सोडून इतरांस देतां येते. तिच्याविषयींची जगजाहीर तक्रार अशी: पडद्यावर चौकट चारी बाजूंनीं पूर्ण, आणि कागदावर खालची रेघ गायब! घरीं कोणाच्या वर्षश्राद्धाचें निमंत्रण छापावयाचें असतें, रात्रीचे दहा वाजलेले असतात, दुकानें बंद, आणि यंत्रांतून एकामागून एक पानें तीन बाजूंच्या चौकटी घेऊन बाहेर येतात. शाईहि जाते आणि धीरहि.

कारण सोपें आहे. छापणाऱ्या यंत्राला कागद कोठें तरी धरून ओढावा लागतो, म्हणून कागदाच्या कडेची एक पट्टी तें छापूं शकत नाहीं. कांहीं यंत्रांत, विशेषतः शाई फवारणाऱ्या यंत्रांत, ही पट्टी खालच्या बाजूस अधिक रुंद असते. इकडे वर्ड पानाची चौकट मुळांत कागदाच्या कडेपासून २४ पॉइंटांवर, म्हणजे सुमारें साडेआठ मिलिमीटरांवर ठेवतें. यंत्राची कोरी पट्टी त्याहून रुंद असली कीं रेघ तिच्या तावडींत सांपडलीच. २४ चे ३१ पॉइंट केले तरी अकरा मिलिमीटरांच्या पुढें जातां येत नाहीं, कारण तेथें मर्यादा आहे. म्हणून पर्यायांच्या बटणाखालीं जाऊन माप कागदाच्या कडेपासून न घेतां मजकुरापासून घेण्यास सांगावें. मग चौकट समासांच्या आधारानें आंत येते आणि समास इंचभर ठेवले असतील तर तिला कोणत्याहि यंत्राची भीति उरत नाहीं. लिबरऑफिसमध्यें पानाची चौकट मुळांतच समासांवर बसते. म्हणून तेथें ही तक्रार क्वचित्.

उजवी रेघ गायब होण्याचें कारण कधीं कधीं निराळें असतें. लेख तयार करतांना कागदाचें माप अमेरिकन लेटर, म्हणजे सुमारें २१६ बाय २७९ मिलिमीटर, असें राहून गेलेलें असतें आणि यंत्रांत कागद असतो ए-४, म्हणजे २१० बाय २९७. सहा मिलिमीटरांची रुंदी कोठून आणावयाची? मापें आपोआप जुळवून घेण्याची सोय चालूं नसेल, तर उजवी रेघ कागदाच्या अगदीं कांठाशीं जाऊन पडते आणि छापली जात नाहीं. माप सुधारावें, म्हणजे झालें.

चौकट कशी काढावी यापेक्षां कोठें काढावी हा प्रश्न अधिक जबाबदारीचा आहे. औषधाच्या वेष्टनावरच्या रेघेकडे पाहावें. भारतांत औषधविषयक नियमांत २०१३ सालीं एच-१ हें नवें परिशिष्ट घालण्यांत आलें. त्यांतील औषधांच्या वेष्टनावर डॉक्टरांच्या सल्ल्याविना हें घेणें धोक्याचें आहे अशा अर्थाची सूचना तांबड्या किनारीच्या चौकटींत छापावी लागते. जंतुनाशक औषधांच्या पाकिटांवरील उभी तांबडी रेघ ओळखा, असें लोकांस सांगणारी मोहीम केंद्र सरकारनें २०१६ सालीं सुरू केली. अमेरिकेंतहि अतिशय गंभीर धोके असलेल्या औषधांच्या माहितीपत्रकांत इशारा काळ्या चौकटींत देतात. त्या रेघा शोभेसाठीं नाहींत. ज्याला इंग्रजी वाचतां येत नाहीं, अशा माणसाच्याहि डोळ्यांस त्यांनीं थांबवावें, एवढ्यासाठीं त्या आहेत. त्याच रेघा प्रत्येक पाकिटावर वेलबुट्टीसारख्या पसरल्या, तर थांबणार कोण?

मराठी घरांत रंगाचाहि संकेत आहे. वर्तमानपत्रांतील काळी चौकट म्हणजे निधनवार्ता, हें लहान मूलहि जाणतें. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांस हळदकुंकू लावणाऱ्या आजीपुढें जाड काळ्या चौकटींतली पत्रिका ठेवावी आणि तिचा चेहरा पाहावा. यंत्राला हा संकेत ठाऊक नाहीं. त्याची चौकट मुळांत काळीच असते. तेव्हां मंगल कार्याच्या कागदावर रंग बदलावा, किंवा चार रेघांऐवजीं वर-खालीं दोनच द्याव्या. पानाच्या चौकटीसाठीं वर्डमध्यें सफरचंदें, केकचे तुकडे, ताडाचीं झाडें अशीं चित्रेंहि मिळतात. मुलांच्या वाढदिवसाला तीं शोभतात. पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेभोंवतीं तीं पाहिलीं कीं सूचना लिहिणाराच्या हौसेचें कौतुक वाटतें, आणि सूचना वाचावयाची राहून जाते. सांवली पडलेल्या आणि उठावदार दिसणाऱ्या चौकटीहि तशाच. त्या न वापरलेल्या बऱ्या.

आणखी एका वाचकाचा विचार येथें कोणी करीत नाहीं. ज्यांस डोळ्यांनीं दिसत नाहीं ते पडद्यावरचा मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारा कार्यक्रम लावतात. आडवीं चिन्हें एकापुढें एक मांडून काढलेली रेघ आली, तर तो कार्यक्रम तीं चिन्हें एकेक करून उच्चारीत बसण्याचा संभव असतो. बिचाऱ्या ऐकणारानें तें सगळें संपेपर्यंत थांबावें. परिच्छेदाच्या किनारीनें काढलेल्या रेघेंत अक्षर असें कांहीं नसतेंच, त्यामुळें वाचन मजकुरावरून सरळ पुढें जातें. मात्र "चौकटींतला मजकूर महत्त्वाचा" एवढाच संकेत कागदावर असेल, तर तो त्या ऐकणारास कळत नाहीं. म्हणून चौकटीच्या आंत पहिला शब्द "सूचना" किंवा "इशारा" असा लिहावा. टाकी धुण्याच्या दिवशीं दोन दिवस पाणी येणार नसेल, तर अर्ध्या पॉइंटाची साधी चौकट, आंत "सूचना" हा ठळक शब्द, त्याखालीं तारीख आणि वेळ, आणि उकारांना मोकळें सोडणारें चार पॉइंटांचें अंतर, एवढें केलें कीं तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांसहि ती जिन्यांतून जातां जातां वाचतां येते.